कुंभ्यावरचा पतंग

बोरिवलीला आमच्या इमारतीमागे कुंभ्याचं झाड आहे. त्याची पेरूएवढी फळं खालच्या गाड्यांवर पडतात. एक फळ चेअरमनकाकांच्या नव्या गाडीवर पडलं आणि त्यांनी सभेत झाड तोडायचा ठराव मांडला.

त्याच आठवड्यात मी एका नामशेष पतंगाविषयी वाचलं होतं. त्याच्या अळ्या एकाच जातीच्या झाडाचा पाला खायच्या. माणसांनी ती झाडं तोडली, अळ्या उपाशी मेल्या, पतंगाची जातच संपली. ते मनाला फार लागलं होतं. म्हणून मी उभी राहिले आणि गंभीर चेहऱ्यानं थापच ठोकली. "तो पतंग संपलेला नाही. आपल्या कुंभ्यावर आहे. मी पाहिलाय."

"मग दाखवा," काका म्हणाले. "रविवारपर्यंत."

बाहेर पडल्यावर शेजारीण म्हणाली, "वाट लागली ना आता. कुठून आणणारेस?"

ती शाळेत चित्रकला शिकवते. जिन्यातल्या दिव्याखाली एक मेलेला, मळकट पतंग मिळाला. तिनं बारीक ब्रशनं त्याच्या पंखांवर हळदीचे दोन डोळे काढले. झकास दिसत होता.

रविवारी काकांनी तो कापसावर ठेवून घेतला. म्हणाले, "माझी भाची कीटकांचा अभ्यास करते. तिला बोलावलंय." आमचं हसू तिथंच आटलं.

भाचीनं ओलं बोट पंखाला लावलं. बोट पिवळं झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"मामा, हा पतंग साधाच आहे," ती म्हणाली. "पण झाड बघू या."

कुंभ्याच्या पानांआड तिला बोटभर लांबीची हिरवी अळी सापडली. ती तिनं काकांच्या तळहातावर ठेवली. काका हलले नाहीत.

"गुदगुल्या होतात गं," ते म्हणाले. "झाड तोडलं तर ही काय खाणार?"

"आसपास दुसरा कुंभा आहे?" भाचीनं विचारलं.

"नाही."

"मग काहीच नाही."

संध्याकाळी त्यांनी गाडी दुसऱ्या बाजूला लावली, ठराव मागे घेतला. मला राहवेना. मी जाऊन कबूल केलं, "काका, ती हळद होती."

"माहितीये. तुमच्या काकूनं लगेच वासावरून ओळखली."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघी इतक्या मन लावून खोटं बोलत होतात. म्हटलं, बघू कुठपर्यंत जाताय." मग चष्मा पुसत म्हणाले, "मैत्रिणीला सांगा, नोटीस बोर्डावर त्या अळीचं चित्र हवंय. खरीखुरी बघून काढायचं."