काटेच्या नावाचे गाणे

धनराज गांगुर्डे माझा शाळेतला मित्र. १९९५ साली जेल रोडवरच्या तीन सोबत्यांबरोबर त्याने रॅपची कॅसेट काढली आणि भाजीवाल्यांकडून हप्ता उकळणाऱ्या दशरथ काटेला तीत नाव घेऊन शिव्या घातल्या. शिव्यांना कला म्हणणे मला कधीच जमले नाही. परंतु त्यांत धाडस होते, हे मी मानत असे. काटेच्या माणसांनी धनराजचा जबडा मोडला आणि गट फुटला.

२००८ साली चौघे नव्या अल्बमसाठी पुन्हा एकत्र आले. अल्बम काढणाऱ्या कंपनीला वरातीत वाजतील अशी गाणी हवी होती. धनराजने डीजेचा ठेका स्वीकारला, पण जुन्या गाण्यातून काटेचे नाव वगळू दिले नाही.

"नाव गेलं, तर माझा जबडा फुकट मोडला," तो मला म्हणाला.

प्रकाशनाला काटे स्वतःच आला. आता तो नगरसेवक होता. "धनराजभाऊ, आपलं गाणं होऊ द्या!" त्याने फर्मावले. स्वतःचे नाव येताच तो हात उंचावून नाचू लागला, त्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"अजून दोन शिव्या घाला की, भाऊ! मतं वाढतील!" काटे नाचता नाचता ओरडला.

धनराजने त्या घातल्या. पुन्हा शिट्ट्या आल्या, आणि तो सुखावून हसला. काटेच्या नाचापेक्षा त्या हसण्याची मला अधिक किळस आली.