रेखाने ‘येते’ म्हटलंय

भूतबित मी मानत नाही. आमच्या चाळीत पांढरी चादर पांघरून लोकांना घाबरवणारा मीच होतो, तेव्हा हा धंदा मला आतून माहीत आहे. तरीही ही एक दुपार...

१९९९ साल. उल्हासनगर कॅम्प दोन. खाली लच्छूचं चपलांचं दुकान, वर पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर – हेच आमचं सायबर कॅफे. ते मी सांभाळायचो. गिऱ्हाईक नसलं की चॅटला बसायचो, तेही ‘रेखा’ या नावानं. पुरुषांची काय लाडीगोडी चालायची...

लच्छू म्हणायचा, “भाऊ, तू सुधरणार नाय. तेरेको पाप लगेगा.”

त्या दुपारी गंमत म्हणून जगण्याला कंटाळलेल्या लोकांच्या चॅट रूममध्ये शिरलो. सगळं इंग्रजीत. कुणी धीर देत होतं, कुणी स्वतःच खचलेलं. मी काहीतरी थट्टेचं लिहिणार, तोच इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं – “कुणी मराठी आहे का? अंबरनाथला ऑफिसात एकटाच बसलोय. सगळ्यांना नमस्कार. जातो.”

जातो. आपल्यात दूध आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो. “थांबा” एवढंच लिहिलं आणि लाइट गेली.

“लच्छू, जनरेटर लाव.”

“डिझेल किधर है, साईं?”

माणसाचं नाव माहीत नाही, कंपनी माहीत नाही. फोन तरी कुणाला लावणार? वीस मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसून होतो. लच्छूही वर येऊन मागे उभा राहिला.

लाइट आली. मॉडेम किंचाळला. ‘रेखा’ टाइप केलं, तर उत्तर – हे नाव वापरात आहे. भलत्याच नावानं आत शिरलो... आणि तिथे रेखा बोलत होती.

“जातो नाही म्हणायचं. येतो म्हणा.”

“कुठे येऊ?”

“कॅम्प दोन, लच्छूचं चपलांचं दुकान, पोटमाळा. उजवी खुर्ची मोडकी आहे, डावीवर बसा.”

मी उजव्या खुर्चीतच होतो.

लच्छू हळूच म्हणाला, “भाऊ, हात दिखा.”

मी दोन्ही हात वर केले. पडद्यावर रेखा लिहीतच होती – “वाट बघतेय.”

मग त्याचं उत्तर आलं. “बरं. येतो.”

“मीही येते,” रेखाने लिहिलं, आणि तिचं नाव यादीतून गेलं.

पाचच्या सुमाराला एक गृहस्थ जिना चढून आले. हातात जेवणाचा न उघडलेला डबा, डोळे सुजलेले. न विचारता डाव्या खुर्चीवर बसले.

“आलो,” म्हणाले. “रेखाताई कुठायत?”

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. लच्छूने चहा मागवला. बदलापूरहून त्यांचा भाऊ येईपर्यंत आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही. पुढे भावाने डॉक्टरही गाठून दिला. अजून दर दिवाळीला ते फराळ घेऊन येतात, निघताना ‘येतो’ म्हणतात.

कुणी म्हणेल, नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं असेल. असेल. पण माझ्या खुर्चीचा मोडका पाय त्याला कसा ठाऊक?

एवढं मात्र केलं, दुसऱ्याच दिवशी ती उजवी खुर्ची दुरुस्त करून घेतली. रेखानेही ‘येते’ म्हटलंय ना...