बटणताईंची चिठ्ठी

बटणताई बावीस वर्षं विमानांची हवामान रडारं दुरुस्त करत होत्या. दुरुस्त कसली, बहुतेक वेळा एक बटण फिरवून खाली उतरत होत्या, आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. या बटणाने रडारची नजर वर-खाली होते. नजर फार वर राहिली की ती ढगाच्या डोक्यावरून निघून जाते, त्याचं पावसाने भरलेलं पोट दिसतच नाही, आणि पडदा आपला स्वच्छ. मग विमान ढगात शिरतं, गदागदा हलतं, आणि उतरल्यावर वैमानिक वहीत लिहितात, रडार बिघडले आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

त्यात एक कॅप्टन म्हणजे कहर होते. हँगरमध्ये त्यांना तक्रारमहर्षीच म्हणत. त्यांना समजावून समजावून ताईंच्या तोंडाला फेस आला होता. "कॅप्टनसाहेब, अंधारात चप्पल शोधताना टॉर्च छताकडे धरता का हो तुम्ही?" असंही विचारून झालं. शेवटी महिन्यापूर्वी ताईंनी प्रत्येक कॉकपिटमध्ये बटणाशेजारी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली. 'उड्डाणात नजर खाली. उतरल्यावर बटण वर करून मगच रडार बंद.' म्हणजे पुन्हा सुरू करताना जमिनीवरच्या माणसांवर रडारच्या अपायकारक लहरींचा झोत पडायला नको. चिठ्ठी कुणी वाचत नाही, याची मात्र त्यांना पक्की खात्री होती.

परवाच त्यांची आई दोन दिवसांसाठी आली होती. आल्यापासून तिचं एकच पालुपद. "काय गं ते तुमचं विमान! जीव मुठीत धरून बसले होते मी." ताई हँगरमधून वैतागून घरी येत आणि घरीही तेच ऐकत. "आई, एवढं तेवढं हलायचंच. पुरे आता," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आज आई परत निघाली होती. तिला विमानतळावर सोडून ताई कामावर आल्या, तर हँगरचे साहेब वही घेऊन दारातच उभे.

"तक्रारमहर्षी. याच विमानाची चौथी तक्रार. पाऊण तासात प्रवासी चढतील. तुमच्या आईचंच विमान आहे, लवकर उरका."

ताई तणतणत शिडी चढल्या. बटण? पार वर! पुन्हा तेच. आता या माणसाचं करायचं तरी काय? त्यांनी टेस्ट लावली. पडद्यावर सगळे रंग जागच्या जागी उमटले. त्यांनी पेन उघडलं आणि 'तपासले, ठीक' इथपर्यंत लिहिलंही, तेवढ्यात बॅग सावरत कॅप्टन आत आले.

"परत नजर आभाळात?" ताई कडाडल्या.

"उड्डाणात खालीच होती, ताई. बटण वर केलं ते उतरल्यावर."

"आणि ते कशाला?"

कॅप्टनांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "तुम्हीच लिहिलंय ना? महिनाभर तसंच करतोय."

ताई आपल्याच अक्षराकडे बघत राहिल्या. त्यांना फार राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

"टेस्टमध्ये तर सगळं नीट दिसतंय," त्या पुटपुटल्या. पण टेस्टमध्ये यंत्र फक्त आपलीच तब्येत बघतं. नाकापुढचं त्यात काही कळत नाही, हे नव्या लोकांना शंभरदा सांगणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी खाली उतरून रडारपुढचं, विमानाच्या नाकाचं टोपण उघडायला लावलं. टोपणाच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर होती. ताईंनी आतून बोट फिरवलं, तर बोट ओलं झालं. टोपणाच्या थरांत पाणी मुरलं होतं, आणि रडार बिचारं ओल्या चादरीआडून बघावं तसं बघत होतं.

त्यांनी वहीची मागची पानं उलटली. 'समोरचा ढग दिसला नाही, जबर हादरे', अशी या महिन्यातच तीनदा नोंद होती. तिन्हींच्या खाली ताईंचाच शेरा: 'बटण वर सापडले. तपासले, ठीक आहे.' खाली झोकदार सही. तिसरी तारीख परवाची होती. परवा आई याच विमानाने आली होती.

विमान थांबवलं. दहा मिनिटांत आईचा फोन.

"अगं, दुसरं विमान चार वाजता म्हणतायत! इथे खुर्चीत बसून माझी पाठ धरली. कुठल्या शहाण्याने थांबवलं?"

"मी थांबवलं, आई. परवा खूपच हलत होतं का गं?"

"मग दोन दिवस मी दुसरं काय सांगतेय? शेजारची बाई माझा हात धरून रडत होती. पण तुला कोण सांगणार? तुझं आपलं सगळं ठीकच असतं!"

फोन ठेवून ताईंनी अर्धा शेरा खोडला, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: 'कॅप्टनांची तक्रार बरोबर. टोपणात पाणी. आधीच्या तिन्ही वेळा नाक उघडले नाही, ही माझी चूक.' साहेब म्हणाले, एवढं लिहायची काही गरज नव्हती. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते निघून गेले.

कॅप्टन शिडीपाशीच उभे होते. ताईंनी त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं आणि वहीचं कोरं पान काढलं.

"बसा. पहिल्या तक्रारीपासून सांगा, काय काय झालं ते. मी मधे बोलणार नाही."

कॅप्टन बसले, पण बराच वेळ त्यांना सुरुवातच करता येईना. ताईंसमोर वाक्य पुरं करायची त्यांना सवयच नव्हती.