भगवानरावांची पितळी तार

भगवानराव आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत चौतीस वर्षे परिचर होते. त्यांतील एकवीस वर्षे मी त्या विभागाचा प्रमुख होतो, असे कागदोपत्री नमूद आहे. प्रत्यक्षात विभाग कोण चालवीत असे, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

ते आपटा गावचे. सकाळच्या एस.टी.ने पनवेलला उतरून बरोबर आठ वाजता प्रयोगशाळेचे कुलूप काढीत. दहावीला गणितात ते दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या खेपेस त्यांनी चिठ्ठी नेली, आणि बीजगणिताच्या पेपराला ती भूमितीची निघाली. ही कथा ते स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "तवापासून दुसऱ्याच्या आकड्यावर भरोसा नाय, सर."

नव्या प्राध्यापकाची परीक्षा घेण्याची त्यांची एक खाजगी पद्धत होती. रुजू होण्याच्या दिवशी ते एखाद्या उपकरणातील जोडणी आतून सैल करून ठेवीत आणि दाराशी स्टुलावर बसून घड्याळाकडे पाहत. निकेश सर या आमच्या तरुण सहकाऱ्यांना तो दोष सापडण्यास दोन तास लागले, हे सर्व विभागाला ठाऊक होते. माझ्याही वेळी ही परीक्षा झाली होती. मला किती वेळ लागला, हे त्यांनी मला कधीही सांगितले नाही.

कॉपीच्या बाबतीत माझा लौकिक कडक होता. परीक्षागृहात मी मोजे, कंपासपेट्या आणि लिहिण्याच्या पॅडची मागची बाजू तर तपासत असेच, शिवाय पाण्याच्या बाटलीवरील कागद आतल्या बाजूनेही पाहत असे. विद्यार्थी मला पाठीमागे 'एक्स-रे' म्हणत. जर्नलची गोष्ट मात्र निराळी होती. जर्नल म्हणजे प्रयोगांची वही. वर्षभर केलेल्या प्रयोगांची निरीक्षणे तीत लिहावयाची, त्यावर प्राध्यापकांनी सही करावयाची आणि अखेरीस विभागप्रमुखाने प्रमाणपत्र द्यावयाचे. प्रमाणपत्राविना प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येत नाही. ही वही पुष्कळ जण एकमेकांची पाहून भरतात, हे कोणापासूनही लपलेले नव्हते. विद्यार्थी त्याला 'रेफर करणे' म्हणत. आम्ही प्राध्यापक त्याला काहीच म्हणत नसू. भगवानरावांना मी एकदा चहाच्या वेळी याविषयी विचारले, तेव्हा बशी खाली ठेवून ते म्हणाले, "चिठ्ठीवाला निदान घाबरतो तरी."

मार्च २०२३ मध्ये, प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर असताना, निकेश सर एका विद्यार्थिनीला घेऊन माझ्या दालनात आले. तिचे नाव अस्मा. ती पनवेलचीच असून तिचे वडील कुवेतला नोकरीस होते. निकेश सरांनी टंकलिखित तक्रार माझ्यापुढे ठेवली. ही विद्यार्थिनी काल्पनिक आकडे लिहिते, तीनदा सांगूनही सुधारणा नाही, सबब तिला प्रमाणपत्र देऊ नये, असा तिचा आशय होता.

प्रयोग साधा होता. छतालगतच्या लोखंडी ब्रॅकेटला टांगलेल्या पोलादी तारेला वजने लावायची, ती किती ताणली जाते हे मोजायचे, आणि त्यावरून पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक काढायचा. अस्माचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या निम्मे येत होते. तिच्या वहीत तीन ठिकाणी तांबड्या शाईने 'पुन्हा करा' असे लिहिलेले होते.

निकेश सर म्हणाले, "सर, अठ्ठावन्नच्या बॅचमध्ये सत्तावन्न जणांचं करेक्ट आलंय. फक्त हिचंच चुकतं?"

मी अस्माकडे पाहिले. ती हळू आवाजात, परंतु न अडखळता बोलली. "सर, वजनं चढवताना पण रीडिंग घेतलं आणि उतरवताना पण. तीनदा. निम्मंच येतं. पीडीएफवरून लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी सही झाली असती."

कोणती पीडीएफ, असे मी विचारले. निकेश सर पंख्याकडे पाहू लागले. अखेर असे कळले की, २०१५-१६ च्या तुकडीतील प्रांजल नावाच्या विद्यार्थिनीचे संपूर्ण जर्नल छायाचित्रांच्या रूपाने दर वर्षी नव्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटात उतरत असे. प्रांजल मला चांगली आठवत होती. सुवाच्य अक्षर, आखीव समास. तिचे जर्नल मीच वर्गात आदर्श म्हणून फिरवले होते.

इतक्यात भगवानराव न बोलावता आत आले. त्यांच्या काखेत उपकरणांची नोंदवही होती.

"सर, जरा वर चला."

"वर काय आहे?"

"तार हाय."

आम्ही चौघे वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत गेलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्या कोपऱ्यात पडले होते, आणि त्या उन्हात आमची पोलादी तार लख्ख पिवळी दिसत होती.

"लाइटमुळे वाटत असेल, सर," निकेश सर म्हणाले.

भगवानरावांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे धरली. दिनांक १९ जुलै २०१६: 'पोलादी तार गंजून तुटली. नवी येईपर्यंत पितळी बसवली.' खाली माझी सही होती, पूर्ण, तारखेसह, आणि अखेरच्या रेघेखाली माझ्या सवयीचे दोन ठिपके. पितळ हे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट ताणले जाते. उत्तर निम्मेच यावयास हवे होते. पोलादाचे उत्तर गेली पावणेसात वर्षे कोणालाही येणे शक्य नव्हते, आणि ते दर वर्षी प्रत्येकाला येत होते. टाळेबंदीत प्रयोगशाळेला कुलूप होते, त्या वर्षीही ते दशांश चिन्हापर्यंत बिनचूक आले होते. त्या वह्यांवरही माझी सही होती.

"तुम्ही मला सांगितले का नाही?" मी विचारले.

"लिवलं ना, सर. तुमी सही केलीत." मग काहीसे अपराधी स्वरात ते पुढे म्हणाले, "दर दिवाळीला चिंचेनं घासतो तिला. कुणाला तरी दिसावी म्हनून."

निकेश सरांनी मला बाजूला घेतले. दिवस चारच उरले होते, सत्तावन्न जर्नले पुन्हा लिहून घेणे अशक्य होते, आणि बाहेरच्या परीक्षकांपर्यंत हे गेल्यास विभागाची शोभा होणार होती. या मुलीने एवढ्या एका पानावर जुने आकडे उतरवले तर ते तत्काळ सही करावयास तयार होते. हा मार्ग मला, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवीपर्यंत, अत्यंत नीटनेटका वाटला हे मी येथे नमूद करतो.

प्रयोगशाळा रिकामी असल्याने ते बाजूला घेणे निरुपयोगी ठरले होते. अस्माने सर्व ऐकले होते.

"म्हणजे आता मी कॉपी करू, सर?" तिने विचारले. त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. ती खरोखरच सूचना मागत होती.

मी बाह्या दुमडल्या आणि वजने मागितली. भगवानराव दाराशी गेले, स्टुलावर बसले आणि त्यांनी मनगटावरील घड्याळ पाहिले. मी प्रयोग हाती घेऊन अकरा वर्षे लोटली होती. तिसऱ्या वजनाला माझा हात चुकला. मोजणीचा स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवावयाचा असतो, आणि मी तो उलट फिरवला. दाराकडून खोकला ऐकू आला. मी पहिल्यापासून सुरुवात केली. उत्तर निम्मे आले, अस्माच्या उत्तराला अगदी लागून.

निकेश सरांनी आपल्या तांबड्या शेऱ्यांवर स्वहस्ते रेघा मारून 'बरोबर' असे लिहिले. मी प्रमाणपत्रावर सही केली आणि वही भगवानरावांपुढे ठेवली. त्या मुलीला तिन्ही वेळा प्रयोग करताना पाहिलेले ते एकटेच होते. परिचराच्या सहीसाठी रकाना नसतो. त्यांनी समासात सही केली.

पुढील तीन दिवस सकाळी आठपासून उरलेल्या सत्तावन्न जणांच्या हातून ती तार अखंड ताणली जात होती. विचुंब्याच्या हरेश नावाच्या विद्यार्थ्याने वर्गाच्या वतीने माझ्याकडे रीतसर गाऱ्हाणे मांडले. "सर, आम्ही अगदी प्रामाणिकपणे रेफर केलं होतं. एक आकडासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता." मी त्याला सांगितले की, माझीही तीच अडचण आहे. मी सर्व सह्या अगदी प्रामाणिकपणे केल्या होत्या. अस्माला परीक्षेत लोलकाचा प्रयोग आला. तोही तिने करूनच पाहिला आणि ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली.

जूनच्या अखेरीस खरेदी विभागाने नवी पोलादी तार पाठवली. तिची मागणी २०१६ सालची होती. भगवानरावांनी ती बसवली, नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे सहीस आणली. मी उठलो, जिना चढलो आणि तार पाहिली. राखाडी होती. मग सही केली.

भगवानराव घुटमळत उभे राहिले. नव्या तुकडीच्या गटात आता अस्माचे जर्नल फिरू लागले आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. पितळेचे आकडे, तीन शेऱ्यांसह आणि समासातील त्यांच्या सहीसह.

"फळ्यावर नोटीस लावू का, सर? तार बदलली म्हनून?"

मी टोपण पेनाला लावले. "नियमाप्रमाणे नोंद झालेली आहे, भगवानराव. नोंदवही टेबलावरच असते. ती वाचण्यास कोणालाही मज्जाव नाही."

त्यांनी वही काखेत घेतली.

"मग यंदा चिंच आणायला नको," असे म्हणून ते स्टूल दाराशी सरकवण्यास निघून गेले.