बदल काहीच नाही

क्रांतीचे वडील कोयनेच्या प्रकल्पात फिटर होते. ते गेले आणि वर्षभरातच आईला, बनुबाईंना, विसर पडायला लागला. आधी आमटीत दोनदा मीठ, मग गॅस तसाच सुरू. एकदा तर त्या पिशवी घेऊन कोयनानगरच्या एसटी थांब्यावर जाऊन बसल्या. माहेरी निघाले म्हणाल्या. माहेरात कुणीच उरलेलं नव्हतं. कराडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, ‘‘हे कधीकधी घराण्यात चालतं.’’ ते वाक्य आई तिथल्या तिथं विसरली. क्रांतीच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

ती कराडलाच शिकलेली आणि तिथल्याच एका लहानशा कंपनीत नोकरीला. उपसा सिंचनाची पाइपलाइन कुठून न्यायची, चढ किती, पंप केवढा, याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर ते लोक बनवायचे. आईचं कळल्यावर मालक लालासाहेबांनी तिला घरून काम करायची परवानगी दिली. तिच्या फायली ऑफिसातल्या सामाईक डिस्कवर असायच्या. इंटरनेटची लाइन बरी असली की ती घरून ऑफिसच्या संगणकात शिरून काम करायची. घाटात लाइन ढेपाळली की तीच डिस्क लॅपटॉपवर उघडून फायलीत थेट लिहायची.

दुखणं एकच होतं. नकाशांच्या तुकड्यांसकट फायली झाल्या होत्या लाखांच्या घरात. केलेला बदल पक्का नोंदवायचा, म्हणजे कमिट करायचा, तर आधी ‘काय काय बदललं?’ हे विचारावं लागे. विचारलं की संगणक एकेका फायलीचं दार ठोठावत गावभर हिंडायचा. सामाईक डिस्कवर तर विचारूच नका. तेवढ्यात आतून आई हाक मारायची. क्रांती उठून जायची, परत यायची, तरी याचं हिंडणं सुरूच.

यावर इलाज काढला दिग्विजयनं. तो माणचा, दहिवडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. ऑफिसात सगळ्यात जुना. फाइल बदलली की संगणकाची मूळ यंत्रणा तशी खबर देतच असते. ती खबर ऐकत बसणारा एक प्रोग्रॅम त्यानं सुरू केला. आता सगळं गाव पालथं घालायला नको. ज्या फायलींची खबर आली तेवढ्याच बघायच्या. चहा होईपर्यंत चालणारं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागलं. रात्री गावाची राखण करणाऱ्या माणसावरून पोरांनी त्या प्रोग्रॅमचं नाव जागल्या ठेवलं.

सामाईक डिस्कवर मात्र जागल्या आपणहून बसत नव्हता. तिथं वेगळी मुभा द्यावी लागायची.

‘‘दादा, माझ्याकडं पण लावा की,’’ क्रांती फोनवर म्हणाली. ‘‘आई हाका मारती आन् हे आपलं फिरतच बसतंय.’’

‘‘लावतो की. त्यात काय लय मोठं न्हाई.’’

दिग्विजयनं मुभा दिली. ऑफिसच्या संगणकावर बसून दोन-तीन फायली बदलून पाहिल्या. जागल्यानं त्या झटक्यात दाखवल्या. चालतंय म्हणून तो उठला. मुभा का मागितली जाते, हे वाचायला त्या दिवशी त्याला सवड झाली नाही.

पावसाळ्यात लाइन वरचेवर बसायला लागली आणि क्रांतीचं बरंचसं काम लॅपटॉपवरून व्हायला लागलं. चढाच्या हिशेबातली एक जुनी चूक तिला सापडली होती. कितीतरी दिवस खपून तिनं ती फायलीफायलींतून निस्तरली. मग एका दुपारी लाइन आल्यावर ऑफिसच्या संगणकात शिरून त्याला विचारलं, काय काय बदललं?

बदल काहीच नाही, असं उत्तर आलं.

तिनं फाइल उघडली. दुरुस्ती तर समोर दिसत होती. म्हणजे कमिट आधीच झालेलं असणार. पण कधी केलं? तिला आठवेना. जुन्या नोंदी उघडून खात्री करता आली असती. पण नोंद सापडली, तर आपण केलेलं आपल्याला आठवत नाही हे सिद्ध होणार होतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि आईला जेवायला वाढलं. पुढंही तसंच घडत राहिलं. कधी बदल दिसायचा, कधी नाही. हे डॉक्टर म्हणाले तेच आहे, अशी तिच्या मनानं खूणगाठ बांधली.

यशराजचं स्थळ ठरत आलं होतं. मुलगा फौजेत, घर कराडजवळचं, माणसं साधी. क्रांतीनं त्याच्या आईला फोन केला आणि म्हणाली, ‘‘आवं मावशी, आमच्या घरात आजार हाय. मलाबी सुरू झाल्यासारखा वाटतोय. तुमी दुसरीकडं बघा.’’ पलीकडून फोन ठेवला गेला.

दिवाळीच्या आधी ऑफिसातली सामाईक डिस्क बदलायची ठरली. ज्याच्या त्याच्या कामात काही नोंदवायचं उरलंय का, असं लालासाहेबांनी सगळ्यांना विचारलं. क्रांतीनं संगणकाला विचारलं आणि कळवलं, काही नाही. नव्या डिस्कवर कमिट झालेलं तेवढंच उतरवलं आणि जुनी डिस्क पुसली गेली.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकापुढं हिशेब मांडला, तर चढ जुनाच, चुकीचा निघाला. काम हातचं गेलं.

‘‘क्रांती, दुरुस्ती केली हुतीस का न्हाई?’’ लालासाहेबांनी विचारलं.

‘‘केली असं वाटतंय, साहेब. पण आता माझा काय भरवसा न्हाई.’’

त्यांनी तिला काढलं नाही. तिनंच नोकरी सोडली.

खरं काय ते दिग्विजयला फार उशिरा कळलं. नव्या डिस्कवर त्यानं दुसऱ्या संगणकावरून एक फाइल बदलली, आणि ऑफिसचा संगणक म्हणाला, बदल काहीच नाही. तेव्हा कुठं त्यानं त्या मुभेबद्दल लिहिलेलं काढून वाचलं. दुसऱ्या यंत्रावरून डिस्कवर परस्पर लिहिलं, तर त्याची खबर इथल्या जागल्यापर्यंत येतच नव्हती. म्हणून तर ती मुभा मागितली जात होती.

तो घाट चढून कोयनानगरला आला. क्रांती पायरीवर तांदूळ निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं.

‘‘परत सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘सावकाश.’’

त्यानं परत सांगितलं.

‘‘म्हंजे मी लिवलं हुतं?’’

‘‘व्हय. तू लिवलं हुतंस. कमिटच झालं न्हवतं, तर आठवंल कसं? तुझं डोकं जाग्यावर हाय, पोरी. चूक माझी हाय. साहेबांनाबी सांगितलंय म्या. ये म्हणत्यात परत.’’

क्रांतीनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ‘‘यशराजच्या घरी मी काय सांगून बसले, ठाऊक हाय का तुमाला?’’

तिनं ते सांगितलं.

‘‘मग... मग आता सांग की त्यांस्नी. मी येतो संगं. मी पाया पडतो त्यांच्या.’’

‘‘लगीन झालं त्याचं. वैशाखात.’’

आतून बनुबाई बाहेर आल्या. ‘‘कोण आलंय गं? पाव्हणं जेवून जातील न्हवं?’’

दिग्विजय जेवायला थांबला नाही. तो हात जोडून निघाला. नोकरीचं त्यानं जाताना पुन्हा काढलं. क्रांतीनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याला कळलं नाही.

ती मात्र बराच वेळ पायरीवरच बसली. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे कळल्यावर हायसं वाटेल, असं तिला इतके दिवस वाटायचं. तसं थोडं वाटलंही. पण डॉक्टरांचं वाक्य खोटं ठरलं नव्हतं. त्याची पाळी फक्त पुढं गेली होती. कधी येईल, येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि आता खरंच काही विसरलं, तरी ते विसरणंच आहे की आणखी काही, हे ती कुणाला विचारणार होती?

आत बनुबाईंनी पाहुण्याचं ताट वाढून ठेवलं होतं आणि त्या दाराकडं बघत बसल्या होत्या. क्रांतीनं त्या ताटातली भाकरी मोडली आणि आईच्या हातात दिली.