त्याच्या गळ्यातली माणसं

"स्वल्प थांबा, अक्का," असं म्हणून तो आमच्याकडे पाठ करायचा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे मोडायचा आणि वळायचा, तेव्हा तो तो नसायचा. कधी मीटरवर यायला तयार नसलेला रिक्षावाला असायचा, कधी आमचे साहेब, कधी त्याच्या पीजीच्या मालकीणबाई.

कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही मुलांसाठी ऐकण्याच्या गोष्टी तयार करायचो. मराठी मजकूर माझा, आवाज त्याचे. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली. त्याचं घराणं मात्र कित्येक पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड छान मुरलेलं होतं. "सरी, अक्का," म्हणत तो माझ्या हातातले कागद घ्यायचा आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे जाऊन बसायचा. वाघ, हत्ती, कुरकुरी म्हातारी, पावसात भिजलेला कावळा, सगळे त्याच्या एकट्याच्या गळ्यात राहायचे. जेवणाच्या सुट्टीत ज्याच्याभोवती खुर्च्या आपोआप ओढल्या जातात, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे तो होता.

आई-वडील नव्हते. थोरली बहीण येलहंकाला राहायची, तिचा नवरा हवाई दलात. हा ऑफिसच्या जवळ म्हणून पीजीत. गांजा तिथेच सुरू झाला, आधी शनिवार-रविवारपुरता. त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही. ओढला की कान उघडतात, माणसांच्या आवाजातल्या बारीक बारीक गोष्टी सुट्या ऐकू येतात, असं तो सांगायचा. मी रागावले, तर त्याने पाठ केली, वळला, आणि माझ्याच आवाजात, पुणेरी ठसक्यात मलाच रागावला. सगळे हसले. मीही हसले.

पुढे तो कामाला येण्याआधी सकाळीही ओढू लागला. मग पहिल्यांदा बिघडलं ते त्याचं थांबणं. आवाज काढणाऱ्याला कुठे किती थांबायचं हे कळावं लागतं, ते त्याला कळेनासं झालं. कावळा प्रश्न विचारायचा आणि हत्तीचं उत्तर येतच नसे. मी काचेतून खुणा करायचे. त्याला वाटायचं, आपण जेमतेम श्वास घेण्यापुरते थांबलोय. मग लांब वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याला सुरुवात आठवेना. जेवताना एखादा किस्सा अर्ध्यावर सोडून तो डब्याकडे बघत बसायचा, आणि आम्ही हसायच्या तयारीत तसेच.

हळूहळू तो आमच्यात बसेनासा झाला. एका दुपारी रेकॉर्डिंगच्या खोलीतून बाहेर आला, हेडफोन गळ्यातच. माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाला, "अक्का, माझी नक्कल करायला त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणाला?"

"शेजारच्या खोलीतल्यांना. सकाळपासून माझ्याच आवाजात बोलतायत."

शेजारच्या खोलीला कुलूप होतं. मी त्याला तिथे नेऊन ते दाखवलं. त्याने कुलपाला हात लावून पाहिला, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्यांना सामील आहे.

मी त्याच्या बहिणीला फोन केला. दोघींनी मिळून त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आम्हाला बाहेर बसवून शांतपणे समजावलं. गांजातल्या द्रव्यासारखंच काहीतरी आपला मेंदू स्वतःच, गरजेपुरतं बनवत असतो. आठवण, वेळेचं भान, भीती यांचा तोल राखायला ते मदत करतं. बाहेरून त्याचा लोंढा आला की तोल जातो. नशा उतरल्यावर बहुतेकांचा तोल परत येतो. काहींचा येत नाही. वय कोवळं असलं, रोजची सवय असली, घरात कुणाला असा आजार झालेला असला, तर धोका जास्त. बहीण खाली मान घालून म्हणाली, "आमचे काका."

गोळ्या सुरू झाल्या, गांजा सुटला. बहिणीने त्याला येलहंकाला नेलं. ते आवाज आधी कमी झाले, मग थांबले. काही महिन्यांनी तो ऑफिसात आला तेव्हा आम्ही हौसेने स्टुडिओ उघडून दिला. मी वाघाचा मजकूर पुढे ठेवला. त्याने पाठ केली, वळला. तोच होता. पुन्हा पाठ केली. पुन्हा तोच.

"ते लोक गळ्यात येत नाहीत आता," तो म्हणाला.

हा आजारानंतरचा मंदपणा आहे, थोडा गोळ्यांचाही, कदाचित जाईल, असं डॉक्टर बाई म्हणत होत्या. त्याला तेवढा धीर नव्हता. नंतर त्यानेच मला सांगितलं, की त्या दिवशी आमच्याकडून निघून तो जुन्या पीजीकडे गेला. गोळ्या सोडून एकदाच ओढून बघायचं, असं ठरवूनच. वरच्या खिडकीतून हसणं ऐकू येत होतं. ते खरंच पीजीतले मित्र हसतायत, की आपल्या डोक्यात कुणी हसतंय, हे त्याला ठरवता येईना. तो फाटकाशी उभा राहिला आणि त्याने बहिणीला फोन केला, मला न्यायला ये म्हणून.

"वाघ गेला तर गेला, अक्का," तो मला म्हणाला. "कानावर येतं ते खरं आहे, एवढं कळलं तरी पुरे."

आता तो बंगळुरात नाही. भावोजींची उत्तरेकडे बदली झाली, त्यांच्याबरोबर तोही गेला. तिकडे एका दुकानात काम बघतो, बरा आहे. इथे सगळं तसंच चालू आहे. चिकपेटच्या एका साडीवाल्याची तो हुबेहूब नक्कल करायचा. परवा मी त्याच दुकानात गेले. साडीवाला बोलू लागला, आणि मला वाटलं, हा त्याच्यासारखा बोलतोय. साडी न घेताच बाहेर आले.

ते सगळे उत्तरेकडे निघायच्या आदल्या दिवशी मी येलहंकाला त्यांना भेटायला गेले होते. घरभर खोकी. बहीण भांडी कागदात गुंडाळत होती आणि तो एका गुंडाळलेल्या गादीवर बसून छोट्या भाचीला गोष्ट वाचून दाखवत होता, आपल्या साध्या, सावकाश आवाजात. वाघ आला तसं तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मामा, वाघासारखं बोल ना."

तो जरा थांबला. "वाघ तू हो," म्हणाला. "बाकीचं मी वाचतो."

तिने दोन्ही पंजे वर केले आणि जीव खाऊन डरकाळी फोडली. तो दचकला, मग हसला, आणि बोटाने पुढची ओळ शोधू लागला. मी जिना उतरून रस्त्यावर आले तरी वरून तिची डरकाळी ऐकू येत होती, आणि मधून मधून त्याचं वाचन.