मामांचा अकरा आकडी नंबर

मामा गेल्याचा मामींचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याला, शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. रडू यायच्या आधी मनात आलं, माझी ती दोन पानं... त्यांनी बघितली असतील का? याची मला अजून लाज वाटते.

मामा दौंडच्या यार्डात मालगाड्यांचे नंबर घेत. गाडी लागली की वही घेऊन टोकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक डब्यावरचा अकरा आकडी नंबर लिहायचा आणि परत येताना तेच नंबर उलट्या क्रमानं ताडून बघायचे. साहेब बघो न बघो, ही उलटी फेरी त्यांनी कधी चुकवली नाही. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या डब्याचा नंबर ते घरी घेऊन आले. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खात्री करायची तर त्या नंबरच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे लाखाच्या थोडं पुढपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्येनं भागून बघायचं... साडेनऊ हजारांवर भागाकार, तेही हातानं! एक जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात.

"मामा, मोबाइल क्षणात सांगेल की," मी म्हटलं.

"मोबाइलला कळंल गं. मला कवा कळायचं?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचायची मनाई झाली, तेव्हा त्यांनी दोन पानं माझ्याकडे दिली. चाळीस भाजक. मी गणिताची बाई, पण त्या आठवड्यात पेपरांचे गठ्ठे होते. रविवारी दौंडला जाताना एसटीत बसून मी चाळीसही बाक्या मनानंच लिहून टाकल्या. शून्य कुठं येऊ दिलं नाही, एवढीच काय ती अक्कल. चार महिन्यांनी उरलेलं संपवून मामांनी रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

तेराव्यानंतर मामींनी वह्या माझ्यापुढे ठेवल्या. पेढे वाटल्यावरही मामा थांबले नव्हते. शेवटच्या भाजकापासून मागं मागं येत पार दोनपर्यंत त्यांनी प्रत्येक भागाकार पुन्हा केला होता आणि शेजारी बरोबरची लाल खूण केली होती. सगळ्या पानांवर खुणा... माझी दोन पानं सोडून.

"ही राहिली का?" मी कसंबसं विचारलं.

"न्हाई गं शैले, सोडली त्यांनी. म्हनले, पोरीनं केल्यात. ती तपासली म्हंजी तिच्यावर इस्वास न्हाई असं व्हईल."

आता दर रविवारी मी दौंडला जाते आणि मामांच्या टेबलाशी बसून ते भागाकार करते. मोबाइल पर्समधून काढत नाही. सोळा झालेत, चोवीस राहिलेत. प्रत्येकाच्या शेवटच्या आकड्याशी आलं की वाटतं, इथंच बाकी शून्य आली तर? समोर भिंतीवर मामांचा फोटो आहे आणि त्याच्याखाली मामींनी पेंटरकडून तो नंबर रंगवून घेतलाय. आल्यागेल्याला त्या कौतुकानं सांगतात, "ह्याला कशानंच भाग जात न्हाई. ह्यांनी सोता बघितलंय."